पायवाट आणि ताट

गेतारिया हे बिस्केच्या उपसागरावरचं मासेमारीचं गाव. गावामागे हिरवे उतार समुद्रातून थेट वर उठतात आणि त्या उतारांवर द्राक्षांचे मांडव आहेत, माणूस खालून सहज चालत जाईल एवढ्या उंचीचे. इथे पाऊस बारा महिने, हवा कायम दमट. वेल जमिनीलगत ठेवली तर पानांना बुरशी लागते, म्हणून ती वर चढवायची आणि खालून वारा खेळता ठेवायचा. द्राक्षाची जात ओन्दारावी सुरी, हिरवट, लहान मण्यांची. तिची पांढरी वाइन म्हणजे चाकोली: हलकी, आंबट, जिभेवर किंचित चुरचुरणारी. वाढणारा माणूस बाटली खांद्याच्या वर धरतो आणि रुंद तोंडाच्या साध्या ग्लासात दोन बोटंच ओततो. उंचावरून पडताना ती फेसाळते, आणि तेवढ्यातच प्यायची असते.

ही वाइन एखाद्या शहरातल्या हॉटेलात समोर आली असती तर बरी आहे म्हणून मी ग्लास बाजूला ठेवला असता. सकाळपासून त्याच मांडवांखालून चढून, खारा वारा ओठांवर घेऊन, दुपारी पावसात भिजून संध्याकाळी त्याच गावात ती प्यायली, तेव्हा तिच्या आंबटपणाचं कारण अंगाला आधीच ठाऊक होतं. बास्क मुलखात चालण्याचं सगळं सुख मला इथे सापडलं. संध्याकाळी ताटात येणारं जवळजवळ सगळंच दिवसा आपल्या पायाखालून किंवा डोळ्यांसमोरून गेलेलं असतं. मधलं अंतर फार तर दोन-तीन तासांच्या चालीचं.

बास्क लोकांचा मुलूख दोन देशांत विभागलेला आहे; चार प्रांत स्पेनमध्ये, तीन फ्रान्समध्ये. त्यांच्या एउस्कारा भाषेचं जगातल्या कुठल्याही जिवंत भाषेशी नातं सापडलेलं नाही. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत ती शाळांतून आणि सरकारी कामकाजातून हद्दपार होती. आज गेतारियातल्या शाळेबाहेर पोरं त्याच भाषेत एकमेकांशी भांडतात, आणि ते ऐकताना मला फार बरं वाटलं.

आम्ही दोघी बहिणी गेलो होतो. ताई साताऱ्यात महाविद्यालयात भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, मी लहानपणापासून तिच्यामागे सह्याद्रीतले डोंगर तुडवत आलेली. फ्रान्सच्या सीमेवरच्या इरूनपासून सान्तियागो या तीर्थक्षेत्राला जाणारी यात्रेकरूंची उत्तरेकडची वाट किनारा धरून जाते. दगडांवर, विजेच्या खांबांवर, गोठ्यांच्या भिंतींवर रंगवलेले पिवळे बाण बघत चालायचं. आम्हाला सान्तियागोपर्यंत जायचं नव्हतं. गेर्निकापर्यंतचा बास्क तुकडा मनासारखा, थांबत थांबत चालायचा होता. एप्रिलचा उत्तरार्ध आम्ही मुद्दाम निवडला. सफरचंदाच्या सायडरचा, म्हणजे आंबवलेल्या रसाचा, हंगाम तेव्हा संपत आलेला असतो, अँचोव्ही माशाचा सुरू झालेला असतो, किनाऱ्यावरच्या वाफ्यांत कोवळा मटार असतो आणि डोंगरातल्या कुरणांत वसंतातली पांढरी अळिंबी उगवते. पाऊस असतोच. पण तो आपल्याकडच्यासारखा कोसळत नाही. बुरबुर लागून राहते आणि तासाभराने लक्षात येतं की आपण आतपर्यंत ओले झालो आहोत.

इरूनहून पहिल्याच दिवशी हाइस्किबेलचा डोंगर लागतो. उंची ५४७ मीटर, साताऱ्याकडच्या माणसाला काहीच नाही, पण तो समुद्राच्या पातळीवरून चढायचा असतो. माथ्यावरून डावीकडे पिरेनीजची टोकं, उजवीकडे खाली नुसतं पाणी. उतरून पासाइयाच्या खाडीशी आलं की छोटी होडी दोन-तीन मिनिटांत पलीकडे सोडते. पलीकडच्या काठावर ‘सान हुआन’ या जहाजाची प्रतिकृती जुन्याच पद्धतीने बांधण्याचं काम हाती घेतलेली गोदी आहे. मूळ जहाज १५६५ साली कॅनडातल्या लाब्राडोरच्या किनाऱ्यावर बुडालं. ते देवमाशांच्या तेलासाठी तिकडे गेलं होतं. अशा जहाजांवर पिण्यासाठी पाण्यापेक्षा सायडरचा भरवसा असे, कारण पिंपात साठवलेलं पाणी नासायचं. खलाशांचा स्कर्व्हीपासून, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगापासून, बचाव त्यानेच झाला असं इथले लोक मानतात.

पुढे दोनोस्तिया, म्हणजे सान सेबास्तियान. या शहरावर इतकं लिहिलं गेलंय की मी फार थांबत नाही. जुन्या गावात ‘३१ ऑगस्ट’ नावाची गल्ली आहे. १८१३ साली त्या दिवशी इंग्रज आणि पोर्तुगीज सैन्याने शहर जिंकून लुटलं, जाळलं. त्या आगीतून वाचलेली घरं याच गल्लीत होती. आज तिथे एकाला लागून एक बार आहेत. काउंटरवर पिंचो मांडलेले असतात, म्हणजे घासा-दोन घासांचे पदार्थ. एका बारमध्ये एक, फार तर दोन खायचे, उभ्यानेच, आणि पुढच्या बारमध्ये जायचं. मांडून ठेवलेल्यांपेक्षा फळ्यावर खडूने लिहिलेले, मागितल्यावर आतून गरम येणारे पिंचो जास्त चांगले, हे तिथल्या एका बाईंनी आम्हाला पहिल्याच बारमध्ये सांगितलं आणि ते खरं निघालं. थंड पिंचोंमध्ये हिल्दाला मात्र तोड नाही: काडीला टोचलेलं ऑलिव्ह, व्हिनेगरमधली लांब हिरवी मिरची आणि खारवलेली अँचोव्ही. १९४६ च्या ‘गिल्डा’ या चित्रपटातल्या रिटा हेवर्थच्या भूमिकेवरून तिला हे नाव मिळालं. मिरच्या इबारा गावच्या, सौम्य. मिठाचा, आंबटाचा आणि तेलाचा तो एक घास दिवसभराच्या चालीनंतर अंगात जो फिरतो, त्याला मी दुसरं काही सुचवू शकत नाही.

याच शहरात एकोणिसाव्या शतकापासून ‘स्वयंपाकाच्या मंडळ्या’ आहेत. सभासदांचं एक सामायिक स्वयंपाकघर असतं. सभासद स्वतः बाजार करतात, रांधतात, सगळे मिळून जेवतात आणि वापरलेल्या तेलाचे, वाइनचे पैसे स्वतःच हिशेब करून पेटीत टाकतात. १९७० च्या दशकात हुआन मारी आर्साक आणि पेद्रो सुबिहाना या आचाऱ्यांच्या पिढीने बास्क स्वयंपाकात जी नवी लाट आणली, तिच्या मुळाशी खाण्याकडे इतक्या गांभीर्याने बघणारा हा समाज होता. पण या मंडळ्या पिढ्यानपिढ्या फक्त पुरुषांच्या. बायकांना आत येण्याची मुभा मिळाली तीही बऱ्याच ठिकाणी पाहुण्या म्हणून, आणि चुलीपाशी जायला बंदी कायम ठेवून. आता अनेक मंडळ्यांनी नियम बदलले आहेत, सगळ्यांनी नाही. घरची चूल बाईची आणि कौतुकाची चूल पुरुषाची, ही वाटणी मला तिथेही खुपली. एवढ्या सुंदर प्रथेत तिला जागा असायला नको होती.

दोनोस्तियाहून उरुमेआ नदीच्या कडेने आत चालत गेलं की दीड-दोन तासांत अस्तिगारागा येतं. चढ-उतार काही नाही, वाटेत कारखाने, रेल्वे, मग हळूहळू सफरचंदाच्या बागा. अस्तिगारागा आणि शेजारचं एर्नानी ही सायडरची गावं. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत इथल्या सायडरघरांत नवं सायडर थेट पिंपातून पितात. दगडी जोत्याचं, उंच छताचं दालन, लांब लाकडी टेबलं, आणि भिंतीपलीकडे गारव्यात ओळीने उभी असलेली प्रचंड पिंपं. जेवण ठरलेलं: आधी खारवलेल्या कॉड माशाचं आम्लेट, मग तळलेला कॉड हिरव्या मिरच्या-कांद्यासोबत, मग निखाऱ्यावर भाजलेला बैलाच्या मांसाचा जाड तुकडा, शेवटी मेंढीच्या दुधाचं चीज, क्विन्स फळाची वडी आणि फोडून खायचे अक्रोड. गोमांस आम्ही खात नाही. तसं आधीच कळवलं होतं, त्यांनी कॉडचा वाटा वाढवला आणि पुढे कुणी विचारलंही नाही.

जेवण रंगात आलं की मालक ओरडतो, “चोच!” ही पिंपाकडे बोलावण्याची बास्क हाक. सगळं दालन ताटं सोडून उठतं, ग्लास घेऊन पिंपांकडे जातं. तो पिंपाची खुंटी उघडतो आणि सुतासारखी बारीक धार लांब उडते. पहिल्याने ग्लास तिरका करून खाली, जमिनीजवळ धार पकडायची, ती काचेच्या कडेवर फुटली पाहिजे. दोन बोटं भरली की ग्लास धारेच्या उगमाकडे सरकवत बाजूला व्हायचं, तोवर मागच्याने आपला ग्लास खाली लावलेला असतो. थेंब सांडत नाही. प्यायचं, परत बसायचं, चार घास खायचे, पुन्हा हाक. प्रत्येक पिंपाची चव वेगळी. एकाचं सायडर लिंबासारखं तीक्ष्ण, पुढच्याचं जरा तुरट, त्यापुढच्यात धुराचा भास. गोड कुठलंच नाही. मद्यार्क सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणून संध्याकाळ लांब चालते.

ही सगळी पद्धत सौद्यातून आली. खानावळवाले आणि मंडळ्यांचे लोक पिंप विकत घेण्याआधी चव बघायला येत. दिवसभर पिंपं चाखायची तर पोटाला आधार हवा, म्हणून कॉड आणि मांस बरोबर आणत, आणि जेवणही उभ्यानेच होई. आमच्या शेजारच्या टेबलावर वयस्कर माणसांचा एक घोळका होता. त्यांतला एक जण जेवणानंतर खुर्चीवरून न उठताच गाऊ लागला. समोरच्याने त्याच चालीत, त्याच यमकात उत्तर दिलं. जागच्या जागी रचून गायची ही कविता म्हणजे बेर्चोलारित्सा. विषय ऐन वेळी मिळतो, वृत्त आणि यमक सांभाळून तिथेच कडवी उभी करायची. दर चार वर्षांनी तिची मोठी स्पर्धा भरते आणि हजारो माणसं दिवसभर नुसतं ऐकत बसतात. २००९ साली ती जिंकणारी पहिली स्त्री, मायालेन लुहान्बियो, याच एर्नानीची. आम्हाला शब्द एकही कळला नाही, पण तिसऱ्या ओळीला श्रोते पुढे झुकत आणि शेवटच्या यमकाला सगळं टेबल एकदम हसून उठे, त्यावरून तीर बरोबर बसल्याचं कळत होतं. सवाल-जवाबाचा फड ज्याने ऐकलाय त्याला एवढं पुरतं.

नंतरचा टप्पा किनाऱ्याचा: इगेल्दोचा चढ, ओरियो, साराउत्सची लांबलचक वाळू, आणि मग समुद्राला चिकटून गेतारिया. ओरियोवरून पुढे चढलं की चाकोलीचे मांडव दिसू लागतात. एप्रिलमध्ये वेलींना नुकती पालवी फुटलेली, फिकट पोपटी. एका बागेच्या कडेला वेली बांधत असलेल्या आजोबांशी ताई तिच्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये बोलली. ते सांगत होते की त्यांच्या लहानपणी चाकोली म्हणजे घरात प्यायची गोष्ट, बाहेरच्याला कोण देणार. एकोणिसाव्या शतकात युरोपभर पसरलेल्या वेलीच्या रोगांनी इथल्या बागा मोडल्या आणि पुढचं जवळजवळ शतकभर ही वाइन कशीबशी तग धरून होती. १९८९ साली गेतारियाच्या चाकोलीला मूळस्थानाचा अधिकृत दर्जा मिळाला आणि मांडव पुन्हा उतारभर पसरले.

गेतारियाच्या गल्ल्यांत खानावळींनी निखाऱ्यांच्या शेगड्या चक्क रस्त्यावर मांडलेल्या आहेत. अख्खा टर्बट मासा जाळीच्या साच्यात मिटवून निखाऱ्यावर ठेवतात, वरून तेल, व्हिनेगर आणि मिठाचं पाणी शिंपडत राहतात. मासा फोडून देणारा मुलगा आम्हाला तुकड्यांचा क्रम सांगत होता: आधी पोटाकडचा, मग पाठीचा, शेवटी कडेच्या पंखांतला डिंकासारखा चिकट भाग बोटांनी सोलून खायचा. तो चिकटपणा आणि चाकोलीचा आंबटपणा एकमेकांना असे धरून होते की ही वाइन याच माशासाठी या उतारावर वाढली, यावर माझा पूर्ण विश्वास बसला.

आणि अँचोव्ही. आपल्या मांदेलीच्या कुळातला हा मासा. वसंतात त्याचे थवे बिस्केत किनाऱ्याजवळ येतात आणि त्याच महिन्यांत तो ताजा खायचा, लसूण-तेलात नुसता परतून. खारवून डब्यात भरायची कला इथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिसिलीहून आलेल्या इटालियन व्यापाऱ्यांनी आणली. काही इथेच लग्नं करून राहिले. २००५ च्या सुमाराला मासा इतका कमी झाला की उपसागरातली अँचोव्हीची मासेमारी बंद करावी लागली. ती पुन्हा सुरू झाली २०१० मध्ये. इतकी वर्षं बोटी थांबवून ठेवणं कोळ्यांना किती जड गेलं असेल! पण थांबले म्हणून मासा परतला. ताज्या अँचोव्हीची बशी समोर असताना मला त्या थांबण्याबद्दल कृतज्ञता वाटली, आणि आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यातली मासेमारी बंदी मोडून बोटी निघतात तेव्हा होणारी तळमळही आठवली.

गेतारियाच्या चौकात एल्कानोचा पुतळा आहे. हुआन सेबास्तियान एल्कानो या गावचा. मोहिमेचा प्रमुख मॅगेलन वाटेत मारला गेल्यावर जगाला वळसा घालणारी ती मोहीम त्याने १५२२ साली पूर्ण केली. ‘व्हिक्टोरिया’ जहाजावरून अठरा माणसं परतली. अशा छोट्या गावांतून माणसं फार दूर गेली. त्यात गोव्याचीही एक वाट आहे. सेंट फ्रान्सिस झेवियरचा जन्म बास्क मुलखातल्याच नाव्हारा प्रांतातला, मातृभाषा बास्क. तो १५४२ साली गोव्यात उतरला आणि आज जुन्या गोव्यात त्याचे अवशेष आहेत. त्याचा सोबती आणि गुरू इग्नेशियस लोयोला उरोला नदीच्या खोऱ्यातला. ती नदी गेतारियाच्या पुढच्या गावाशी, सुमाइयाला, समुद्रात मिळते.

सुमाइयाबद्दल मात्र मला सावकाश सांगायचं आहे. ताईने हा सगळा प्रवास खरं तर त्या एका किनाऱ्यासाठी मान्य केला होता.

इत्सुरून नावाच्या छोट्या पुळणीच्या दोन्ही बाजूंना कडे उभे आहेत, आणि त्यांत खडकाचे थर उभ्या फळ्यांसारखे लावलेले दिसतात. एक थर कठीण चुनखडीचा, एक मऊ मातकट मार्लचा, पुन्हा कठीण, पुन्हा मऊ. ओहोटीला कठीण थरांच्या कडा पाण्यातून आत आत जाताना दिसतात. हे सगळं खोल समुद्राच्या तळाशी थरावर थर साचत गेलं. पुढे आयबेरियाचा भूखंड युरोपला येऊन भिडला, त्यातून पिरेनीज उठले आणि तळाचे थर वाकून, उभे राहून उजेडात आले. कठीण-मऊ अशी एक जोडी साचायला सुमारे वीस हजार वर्षं लागली; पृथ्वीच्या अक्षाच्या डोलण्यातून हवामानाचं जे चक्र फिरतं त्याची ती नोंद. याच किनाऱ्यावरच्या मुत्रिकू गावापासून सुमाइयापर्यंतच्या कड्यांत मिळून पाच-सहा कोटी वर्षं सलग वाचता येतात. डायनोसॉर संपल्यानंतरच्या पॅलिओसीन काळातल्या दोन टप्प्यांच्या सुरुवातीचा जागतिक मानदंड म्हणून भूशास्त्रज्ञांनी याच पुळणीवरच्या थरांची निवड केली.

ताई या सगळ्यावरून पुढे गेली. तिला एकच थर हवा होता. बराच वेळ ती कड्याच्या पायथ्याशी ओल्या दगडांवरून जपून सरकत राहिली, मग थांबली आणि हात केला.

“इकडे ये. बोट ठेव इथे.”

काळपट मातीची एक बारीक पट्टी. सांगितलं नसतं तर मी तिच्यावर पाय ठेवून गेले असते.

“याच्या त्या बाजूला डायनोसॉर आहेत. या बाजूला नाहीत.”

सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीची ती सीमा. अशनी पृथ्वीवर आदळला, त्याच्या धुळीतलं इरिडियम, पृथ्वीवर दुर्मीळ असलेला धातू, जगभर पसरलं आणि समुद्राच्या तळाशी या पट्टीत बसलं. त्याच काळात, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, आपलं दख्खन उकळत होतं. भेगांतून लाव्हा बाहेर पडत होता, थरांवर थर चढत होते. आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेल्या त्या काळ्या पत्थराचाच आपला सह्याद्री. त्याच्या वरच्या थरांच्या गटाला भूशास्त्रात वाईचंच नाव आहे. महाबळेश्वरचा घाट चढताना दोन्ही बाजूंना दिसणारा कातळ ताईने आयुष्यभर विद्यार्थ्यांना दाखवला. जीवसृष्टीच्या त्या महासंहारात अशनीचा वाटा किती आणि दख्खनच्या ज्वालामुखीचा किती, हा वाद अजून चालू आहे.

“आपल्याकडे नुसती आग दिसते गं,” ती म्हणाली. “तेव्हा बाकीच्या जगात काय चाललं होतं ते इथे शांतपणे लिहून ठेवलंय. हे पाहिल्याशिवायच शिकवत राहिले मी.”

“मग आता वाईट वाटतंय का, ताई?”

“नाही. आता बरोबर बसलं सगळं.”

भरती वर यायला लागली तेव्हाच ती हलली. दुपारी सुमाइयाच्या बंदरावर आम्ही कोवळ्या मटाराची बशी मागवली. इथे तो दाणा पूर्ण भरायच्या आतच पहाटे खुडतात, साल अगदी पातळ असते, दाताखाली येताच फुटतो आणि आत गोड पाणी. नुसता वाफवलेला, सोबत अंड्याचा बलक. भाव ऐकून आम्ही दचकलो, पण खुडण्या-सोलण्याचं काम बघता तो रास्तच वाटला. जेवताना ताई एकही शब्द बोलली नाही.

देबापासून वाट समुद्र सोडून आत वळते आणि मार्किनापर्यंतचा टप्पा या सगळ्यात खडतर. चोवीसेक किलोमीटर, चिखल, चढामागून चढ, मध्ये गाव जवळजवळ नाही. लागतात ती सुटी, एकाकी शेतघरं. दगडाची, रुंद उतरत्या छपराची; खाली जनावरं, वर माणसं, माळ्यावर गवत. या घराला बासेरी म्हणतात, आणि बास्क आडनावांपैकी पुष्कळशी मुळात घरांची नावं आहेत. घर आणि जमीन फोडायची नाही, ती एकाच वारसाकडे जायची, असा जुना रिवाज. बाकीची भावंडं समुद्रावर गेली, चर्चमध्ये गेली, अमेरिकेत गेली. मार्किनाच्या पुढे बोलिबार लागतं. दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्यवीर सिमोन बोलिवारच्या पूर्वजांचं हे गाव. दारांवर वाळवलेलं एगुस्किलोरे ठोकलेलं असतं, सूर्यासारखं दिसणारं डोंगरी काटेफूल. रात्रीच्या वाईट शक्ती ते पाहून दिवस आहे असं समजतात आणि उंबऱ्यातून परततात, अशी श्रद्धा.

हा हिरवा प्रदेश सगळाच जुना नाही, हेही चालतानाच कळतं. डोंगरांवर मैलोन्‌मैल एकाच जातीचे कॅलिफोर्नियाचे पाइन लावलेले आहेत, ओळीत, कागद आणि लाकडासाठी. खाली गवत नाही, पक्षी नाही. २०१८ पासून त्यांच्यावर पसरलेल्या रोगाने उतारच्या उतार तांबडे पडले, मग ते तोडले गेले आणि काही ठिकाणी निलगिरी लावली गेली. जुन्या ओक आणि बीचच्या रानाचा तुकडा मध्येच लागला की गारवा, वास, आवाज सगळं बदलतं. तो तुकडा संपताना मला दर वेळी हळहळ वाटली.

कुरणांत लाचा जातीच्या मेंढ्या, लांब, विस्कटलेल्या लोकरीच्या. त्यांच्या न तापवलेल्या दुधाचं इदियासाबाल चीज होतं, काही घरी ते धुरावर धरतात. पूर्वी धनगर डोंगरावरच्या झोपडीत चुलीवरच्या फळीवर चीज वाळत ठेवत, धूर त्याला आपोआप लागे. एका बासेरीच्या बाहेर पाटी होती, आम्ही हाक मारली. बाईंनी चिजाची चकती कापली आणि सोबत गरम तालो दिला. मक्याच्या पिठाचा, गरम पाण्यात मळून हातावर थापलेला, लोखंडी तव्यावर भाजलेला. ती आपली भाकरीच, फक्त मक्याची. ताईने बाईंच्या परवानगीने एक गोळा हातात घेतला आणि भराभर थापला. बाई बघत राहिल्या, मग तव्यावरची जागा तिला देऊन स्वतः चीज कापत बसल्या. चिखलाने भरलेले बूट उंबऱ्याबाहेर काढून त्या ओट्यावर आम्ही जे खाल्लं ते माझ्या लेखी या वाटेवरचं सर्वांत उत्तम जेवण.

गेर्निकाला सोमवारी पोचायचं हे आधीपासून ठरलेलं होतं, कारण बाजार सोमवारचा. २६ एप्रिल १९३७ हाही सोमवारच होता. स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या काँडोर लीजन या जर्मन हवाई तुकडीच्या आणि इटालियन विमानांनी त्या दुपारी गाव भाजून काढलं. पिकासोच्या चित्राने या गावाचं नाव जगाला माहीत झालं. ते चित्र मात्र माद्रिदमध्ये आहे. गावात जे उरलं त्यात सभागृह आणि त्याच्या आवारातला ओक होता. या ओकाखाली बिस्के प्रांताचे सत्ताधारी स्थानिक लोकांचे हक्क पाळण्याची शपथ घेत, आणि आजही बास्क सरकारचा प्रमुख इथेच शपथ घेतो. आताचं झाड २०१५ साली लावलेलं, जुन्याच वंशाचं. आधीच्या एका झाडाचं वठलेलं खोड खांबांच्या मंडपाखाली जपून ठेवलंय. आम्ही तिथे बराच वेळ होतो. त्याबद्दल मी इथे अधिक लिहीत नाही. ते जाऊन बघायचं आहे.

बाजारात शेतकरी बायका आपापल्या परड्या घेऊन बसल्या होत्या. गेर्निकाची छोटी हिरवी मिरची प्रसिद्ध, पण तिचा हंगाम पुढे. तेव्हा तिची रोपं विकायला होती. वाळलेल्या घेवड्याचे दाणे होते. ते घेतले, कोबी घेतला, इबाराच्या मिरच्यांची बाटली घेतली. दाणे देणाऱ्या आजींनी कृती खुणांनी आणि स्पॅनिशमध्ये समजावली: आच मंद, चमचा अजिबात घालायचा नाही, भांडंच धरून हलवायचं, आणि उकळी वर आली की गार पाण्याचा हबका मारून दाण्यांना दचकवायचं. असं तीनदा.

“कुकरला लावले तर?” ताईने मला मराठीत विचारलं. मी ते भाषांतर करून विचारलं नाही.

मुक्कामाच्या खोलीत छोटी शेगडी होती. तीन तास लागले. रस दाट, गडद झाला, दाणे अख्खे राहिले आणि आत लोण्यासारखे शिजले. सोबत उकडलेला कोबी, आंबट मिरच्या, आणि लाल वाइन, डोंगरापलीकडच्या रिओखा आलावेसाची. तिकडे कान्ताब्रिया डोंगररांग समुद्राकडून येणारे ढग अडवते आणि दक्षिणेला कोरडं ऊन पडतं. म्हणून चाकोली संपते तिथून काही तासांच्या अंतरावर तेम्प्रानियो द्राक्षाची दाट, उबदार वाइन सुरू होते. पर्जन्यछायेच्या प्रदेशात वाढलेल्या आम्हाला हे समजावून सांगायची गरज नव्हती. पूर्वी खेचरवाले तिकडची वाइन आणि तेल उत्तरेला आणत, इकडची मासळी घेऊन परत जात. त्यांच्या रस्त्यावर आता चालणाऱ्यांसाठी खुणा केल्या आहेत आणि त्याला ‘वाइन आणि मासळीची वाट’ असंच नाव आहे. ताईने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, नकाशा ताटाशेजारी उलगडला आणि रिओखा आलावेसातल्या लाग्वार्दियाहून सुरुवात करायची, ऑक्टोबरात, द्राक्षांची तोडणी चालू असताना, असं सांगून टाकलं.